राघोबादादांची तीन मुलं

मागच्या शनिवारी नाशिकला धाकट्या भावाकडे गेलो होतो. रिलीज एकदाचं होऊन गेलं होतं, ऑफिसचा फोन वाजणार नव्हता, त्यामुळे स्वारी खुशीत. सकाळी मिसळ हाणून झाल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, चल, नवश्या गणपतीला जाऊन येऊ. थोडं बोलायचंय पण." गंगापूर रोडनं गेलं की आनंदवल्ली लागते. तिथे गोदावरीच्या काठावर हे देऊळ आहे. दर्शन घेतलं, बाहेर येऊन नदीकडे तोंड करून बसलो. आणि बसल्या बसल्या डोक्यात आलं, अरे, आनंदवल्ली म्हणजे आनंदवेली! राघोबादादा पेशव्यांचं गाव. नावही आनंदीबाईंवरून पडलेलं.

आता आनंदीबाई म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, 'ध' चा 'मा'. शाळेत ऐकलेली, नाटकात पाहिलेली. खरी की दंतकथा, हा वाद इथे नको. मला आठवलं ते वेगळंच. दादासाहेब वारल्यानंतर त्यांची बायको आणि तीन मुलं १७९३ साली इथे आणून ठेवलेली होती. ठेवलेली म्हणजे नजरकैदेत! मुलांचा गुन्हा काय? तर राघोबादादांची मुलं असणं. बस्स.

तेवढ्यात भावानं विषय काढला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, यंदा दहावीत आहे. त्याला कॉमर्स घ्यायचंय. भावाला तो इंजिनिअर व्हायला हवाय. "तू समजाव ना त्याला. तुझं ऐकतो तो," भाऊ म्हणाला.

हे ऐकून मी थक्क झालो. का, ते सांगायचं तर थोडी घरची गोष्ट सांगावी लागेल. आमचे अण्णा सरकारी कचेरीत क्लार्क होते. त्यांनी इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला नाव घातलं होतं, पण आजोबा गेले आणि पहिल्याच वर्षी ते सोडून नोकरीला लागावं लागलं. "माझं राहिलं, तुम्ही करा," हे वाक्य आमच्या घरात देवघरातल्या घंटेइतकं नियमित वाजायचं. मी केलं. भावाला जमलं नाही. दोन वर्षं गटांगळ्या खाऊन त्यानं कॉलेज सोडलं, पुढे प्रिंटिंगचा धंदा काढला, चांगला चालवला. पण अण्णा आणि तो, दोघं धड बोलले असे शेवटपर्यंत बोललेच नाहीत. आणि आता तोच भाऊ मला सांगतोय, मुलाला समजाव म्हणून!

तर मंडळी, तिथे लगेच काय बोलावं ते सुचलं नाही. म्हणून मी त्याला राघोबादादांच्या मुलांची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा नीट लिहितो आहे.

आधी बाप. रघुनाथराव म्हणजे थोरल्या बाजीरावांचा मुलगा. जन्म १७३४ चा. बाजीराव गेले १७४० साली, तेव्हा हा सहा वर्षांचाही नव्हता. गादी मिळाली थोरल्या भावाला, नानासाहेबांना. रघुनाथराव सामान्य माणूस नव्हता बरं का. १७५८ साली मराठी फौजा लाहोर जिंकून अटकेपर्यंत गेल्या, त्या त्याच्याच सरदारकीखाली. 'अटकेपार झेंडे' आपण ज्याच्या जिवावर म्हणतो तो हाच. १७६१ साली पानिपत झालं, त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. आणि पेशवा कोण झालं? तर पुतण्या माधवराव. वय वर्षं सोळा. काका सव्वीस वर्षांचा, लाहोर जिंकून आलेला, आणि समोर मिसरूड न फुटलेला मालक! आपल्याकडे ज्युनियर माणूस एकदम मॅनेजर झाला तर काय होतं, ते आठवा. (हसू नका, मी पाहिलंय.)

इथून पुढे बावीस वर्षं या माणसानं एकच ध्यास घेतला. पेशवेपद. १७६२ साली निजामाची मदत घेऊन पुतण्याशी लढला. माधवरावानं आळेगावला घर फुटू नये म्हणून स्वतःहून काकाच्या स्वाधीन होऊन दाखवलं. १७६८ साली धोडपला पुन्हा लढाई, या खेपेला काका हरला आणि शनिवारवाड्यात कैदेत पडला. माधवराव १७७२ साली गेले. मग धाकटा पुतण्या नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३ ला त्याचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. वय अठरा. रामशास्त्र्यांनी दादासाहेबांना दोषी ठरवलं. गादी मिळाली, पण काही महिनेच. नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाई एकत्र आले, नारायणरावाच्या विधवेला एप्रिल १७७४ मध्ये मुलगा झाला, आणि चाळीस दिवसांचं ते पोर, सवाई माधवराव, पेशवा झालं.

दादासाहेब पळाले. आता इथे तारखा बघा. आनंदीबाई गरोदर, त्यांना धारच्या किल्ल्यात पवारांच्या आसऱ्याला ठेवून हे गुजरातेत गेले. १० जानेवारी १७७५ ला धारला मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, बाजीराव. आणि मार्च १७७५ मध्ये, मुलगा जेमतेम दोन महिन्यांचा असताना, बापानं सुरतेला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी फौज द्यायची, यांनी तिचा खर्च द्यायचा, वर साष्टी आणि वसई द्यायची. वसई! जी यांच्याच सख्ख्या काकांनी, चिमाजी अप्पांनी, १७३९ साली एवढी माणसं मारून पोर्तुगीजांकडून घेतली होती. पुतण्यानं ती कागदावर देऊन टाकली.

पुढचं इंग्रज-मराठे युद्ध सात वर्षं चाललं. दादासाहेबांना पुण्याला आणून बसवायला निघालेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आली. (आपण लोणावळ्याला जाताना तळेगावच्या पुढे लागतं तेच वडगाव.) १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी त्यांचा हात सोडला. महिना पंचवीस हजार रुपये घ्या आणि गप्प बसा, असा हिशोब. डिसेंबर १७८३ मध्ये ते कोपरगावला वारले. वय एकोणपन्नास.

आता मुलं. थोरला अमृतराव, दत्तक. मधला बाजीराव, बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. आणि धाकटा चिमाजी तर बाप गेल्यानंतर, १७८४ साली जन्मला. त्यानं बापाचं तोंडही पाहिलं नाही. पण नावं बघा मुलांची, बाजीराव आणि चिमाजी! आजोबांचं, चुलत आजोबांचं नाव ठेवणं ही आपल्याकडची रीतच, त्यात विशेष नाही. पण बाकीच्या घरांत ते नुसतं नाव असतं. इथे ते ओझं होतं.

नाना फडणिसांच्या दृष्टीनं ही तीन मुलं म्हणजे सुरुंग. सवाई माधवराव एकटा, त्याला काही झालं तर पेशव्यांच्या घराण्यात हीच. म्हणून मुलांना वाढवायचं, पण बांधून. कोपरगाव, मग आनंदवेली, आणि १७९४ साली निजामाशी लढाई सुरू व्हायच्या बेताला थेट जुन्नरला, शिवनेरीवर. त्याच सुमाराला आईही गेली. म्हणजे बाजीराव एकोणीस वर्षांचा होईपर्यंत त्यानं ना एक मोहीम पाहिली, ना महसुलाचा एक कागद हाताळला. त्याचे आजोबा विसाव्या वर्षी पेशवे झाले होते, पण त्याआधी बापाबरोबर दिल्लीपर्यंत घोडा मारून आले होते. या नातवानं काय शिकलं? पहारेकऱ्याला खूश कसं ठेवायचं. मनातलं चेहऱ्यावर कसं येऊ द्यायचं नाही. जो गोड बोलतो तो नानांचा माणूस असू शकतो. हे शिक्षणच झालं की! फक्त राज्य चालवायचं नव्हे, कैदेत टिकायचं.

ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात एक हकीकत दिली आहे. जुन्नरच्या कैदेतून बाजीरावानं एका माणसाला हाताशी धरून सवाई माधवरावाला चोरून पत्रं पाठवली. मतलब असा, की मी इथे कैदेत, तू तिथे पुण्यात कैदेत, पण मनं तर मोकळी आहेत ना. एकाच्या बापाचा खून झालेला, दुसऱ्याच्या बापावर त्या खुनाचा ठपका, आणि ही दोन पोरं एकमेकांना चिठ्ठ्या लिहितायत! नानांना कळलं, पत्रं बंद झाली, पहारा वाढला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातून खाली पडून गेला. वय एकवीस. त्याला बाप नव्हताच, पण नानांची इच्छा बापाच्या इच्छेपेक्षा कमी जड नव्हती.

आणि मग नशिबाची गंमत सुरू झाली. ज्या गादीसाठी दादासाहेबांनी जन्म घातला ती आता आपसूक त्यांच्या मुलांकडे चालत आली. पण कशी? १७९६ साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी बारा वर्षांच्या चिमाजीला उचलून आणलं आणि पेशवा केलं. त्याआधी त्याला सवाई माधवरावाची विधवा यशोदाबाई हिच्या मांडीवर दत्तक दिलं. नातं मोजा जरा. चिमाजी सवाई माधवरावाचा चुलता लागत होता. म्हणजे चुलता पुतण्याचा मुलगा झाला! शास्त्रात बसत होतं की नाही, तो भाग वेगळा. हेतू सरळ होता. गादीवर बसणारा कागदोपत्री राघोबाचा मुलगा नको. बापाची इच्छा पुरी झाली, पण बापाचं नाव पुसून. काही महिन्यांत डाव उलटला, दत्तक रद्द, आणि डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. चिमाजीला कुणी विचारलं असेल का, की बाबा रे, तुला काय हवंय? वाटत नाही.

बाजीरावाला एकविसाव्या वर्षी गादी मिळाली. आणि त्यानं काय केलं? बापाची यादी बाहेर काढली. ज्यांनी ज्यांनी वडिलांना छळलं, ते सगळे. वर्षभरात दौलतराव शिंद्याच्या हातून नानांना अटक करवली. रास्त्यांना, म्हणजे गोपिकाबाईंच्या माहेरच्यांना, कैदेत टाकलं. पटवर्धनांशी दावा धरला. यातले बरेच जण पंचवीस वर्षांपूर्वीच्या भांडणातले, किंवा त्यांची मुलं. बाजीरावाचं स्वतःचं त्यांच्याशी भांडण असं काय होतं? जे होतं ते वारशानं आलेलं. आमच्या धंद्यात जुन्या सिस्टिमचा कोड हातात येतो, का लिहिलाय ते कुणालाच ठाऊक नसतं, पण काढायची हिंमत होत नाही. तसंच काहीसं.

१८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरानं हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेला झोडपलं. यशवंतरावाचा भाऊ विठोजी याला बाजीरावानं आदल्या वर्षी पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, त्याचाही राग होताच. बाजीराव पळाला. आणि आता बघा तो कुठे गेला. सिंहगड, रायगड, महाड, कोकण, तिथून इंग्रजांच्या जहाजातून... वसईला! ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. सहा हजारांची इंग्रज तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी बोलणं नाही. पेशवाईचं स्वातंत्र्य त्या दिवशी संपलं.

चुलत आजोबांनी जिंकलेली, बापानं कागदावर दिलेली वसई. मुलगा तिथेच जाऊन सही करून आला.

मला इथे नेहमी वाटतं की आपण बाजीरावाला 'पळपुटा' म्हणून मोकळे होतो, पण तो पळाला कुठल्या वाटेनं हे बघत नाही. संकट आलं की इंग्रजांकडे जायचं, ही वाट त्यानं शोधलेली नव्हती. तो दोन महिन्यांचा असताना बापानं ती पाडून ठेवली होती. बापाची महत्त्वाकांक्षा मुलाला मिळते तेव्हा नुसतं स्वप्न मिळत नाही. बापाचे शत्रू मिळतात, संशय मिळतो, आणि अडचणीत पळायची बापाची वाटसुद्धा मिळते. गादी राहते बाजूला!

तिसरा राहिला, अमृतराव. तिघांत वयानं मोठा, कारभारही बघितलेला. पण दत्तक. बाजीरावाचं त्याच्याशी पटेना. होळकरानं पुणं घेतल्यावर अमृतरावाच्या मुलाला, विनायकरावाला, पेशवेपदावर बसवायचा घाट घातला. म्हणजे १७९६ ते १८०२ या सहा वर्षांत राघोबादादांच्या घरातली तिन्ही पाती दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं गादीवर चढवली गेली, किंवा चढवायचा प्रयत्न झाला. बाजीराव इंग्रजांच्या जोरावर मे १८०३ मध्ये परत आला. अमृतरावानं इंग्रजांशी वर्षाला सात लाखांवर तडजोड केली आणि काशीला गेला.

बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमला शरण गेला. वर्षाला आठ लाख आणि कानपूरजवळ बिठूर. वय त्रेचाळीस. इंग्रजांना वाटलं असेल, जगेल थोडी वर्षं. तो १८५१ पर्यंत जगला! हिशोब केला तर अडीच कोटींच्या वर रक्कम होते. चिमाजीही काशीला गेला. तिघं भाऊ गंगेच्या काठी, तिघंही इंग्रजांचे पेन्शनर. वडिलांचं पेन्शन वर्षाला तीन लाख होतं. मुलांनी आकडा वाढवला, एवढंच.

बाजीरावाचा दत्तक मुलगा नानासाहेब. त्याला इंग्रजांनी ते पेन्शन नाकारलं. पुढे १८५७ साली काय झालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता कुणी म्हणेल, सगळं बापावर ढकलू नका. बरोबर आहे. बाजीरावाला बावीस वर्षं मिळाली गादीवर. हत्तीच्या पायी विठोजीला दिलं ते राघोबानं नव्हे. पण शिवनेरीवर कैदेत बसलेल्या त्या मुलाचा विचार करताना मला दुसरा एक मुलगा आठवतो. तो १६३० साली त्याच किल्ल्यावर जन्मला. त्याचे वडील शहाजीराजे, त्यांनीही मोठा डाव मांडला होता. निजामशाहीतलं एक लहान पोर गादीवर बसवून तीन वर्षं राज्य पेललं. १६३६ साली तो डाव मोडला, त्यांना आदिलशाहीची चाकरी धरून कर्नाटकात जावं लागलं. हरलेला बाप इथेही आहेच. पण मुलाच्या हाती त्यांनी काय दिलं? पुण्याची जहागीर, चार अनुभवी माणसं आणि जिजाबाई. म्हणजे काम दिलं. करून बघायला जागा दिली, चुकायला मोकळीक दिली. राघोबादादांनी दिली ती तक्रार. माझं हिरावलं, तुम्ही मिळवा. काम हातात आलं की त्याचं पुढे काहीही करता येतं. तक्रार हातात आली तर ती फक्त पुढे चालवता येते.

हे मी भावाला याच शब्दांत नाही सांगितलं, तारखा तर अजिबात नाही. पण गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. शेवटी नदीत एक खडा फेकून म्हणाला, "म्हणजे मी अण्णांसारखा वागतोय, असं म्हणायचंय ना तुला?"

मी म्हटलं, "तू नाही रे. आपण दोघंही. मी त्यांचं ऐकलं म्हणून, तू नाही ऐकलंस म्हणून. दोघांचीही निम्मी वर्षं त्यांना उत्तर देण्यातच गेली की नाही?"

तो काही बोलला नाही. घरी आलो तर पुतण्या त्यांच्या प्रेसचा संगणक उघडून बसला होता. बापाच्या धंद्याचा तीन वर्षांचा जमाखर्च त्यानं नीट मांडून ठेवला होता. कुठल्या गिऱ्हाइकाकडे किती दिवस पैसे अडकतात, ते बोट ठेवून दाखवलंन. मला विचाराल तर पोरगं हुशार आहे.

रात्री निघताना भाऊ गाडीपर्यंत सोडायला आला. जरा घुटमळला. मग म्हणाला, "दादा, तुझं पटतंय. पण क्लासची फी भरलीये रे पहिल्या हप्त्याची."

"किती?"

त्यानं आकडा सांगितला. मी म्हटलं, "जाऊ दे. बुडाली तर बुडाली. राघोबादादांपेक्षा स्वस्तात सुटलास."

तो हसला. कॉमर्सचा फॉर्म आणलाय की नाही, ते अजून कळलेलं नाही. पुढच्या रविवारी फोन करीन.

असो.